फुली वर, गोल खाली

१

फ्रीजवाल्याचा सगळा जन्म थंड करण्यात गेला. लोकांचं दूध, लोकांची औषधं, लोकांचे उन्हाळे. त्यामुळे त्याने अंडी उबवायला काढली तेव्हा गल्लीत थट्टा झाली नसती तरच नवल. समोरचा सायकलवाला म्हणाला, "काका, सवयीने बटण उलटं फिरवू नका, नाहीतर पिल्लांऐवजी आइस्क्रीम निघायचं." फ्रीजवाला हसला. त्याच्या मते थंड करणं काय नि गरम करणं काय, काम एकच. तापमान एका जागी धरून ठेवायचं, बस.

दुकानात एक बंद पडलेला फ्रीज धूळ खात होता. मालक दुरुस्तीला टाकून गेला तो गेलाच. फ्रीजवाल्याने त्याचं पोट मोकळं केलं, आत एक बल्ब, एक बारका पंखा, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी बसवली, दाराला हाताएवढी काच लावली. ते सगळं त्याने स्वयंपाकघरात ठेवलं. पुढे दुकान, मध्ये स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली, असं त्याचं घर रेल्वेच्या डब्यासारखं एकामागे एक होतं. मागच्या खोलीचं दार उघडं ठेवलं की पलंगावरून ती काच बरोबर समोर दिसायची. हा सगळा खटाटोप पलंगावरच्या माणसासाठीच होता.

त्याची बायको गेल्या वर्षी कपडे वाळत घालता घालता कोसळली आणि तेव्हापासून अंथरुणाला खिळली. हात गेले, पाय गेले, वाचा गेली. राहिले ते डोळे. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. नवराबायकोची भांडणंसुद्धा एवढ्याच दोन शब्दांत व्हायची आणि गंमत म्हणजे अजूनही तीच जिंकायची. कोंबड्या पाळायची तिला लग्नापासून हौस होती. एके दिवशी तो सहज म्हणाला, "पिल्लं आणूया का?" तिने डोळे एकदा मिटले आणि इतका वेळ मिटून ठेवले, की त्याला वाटलं हिला झोपच लागली.

अंडी त्याने गावाबाहेरच्या कोंबडीवालीकडून आणली. ती अघळपघळ बाई, बोलायला लागली की थांबायची नाही. तिच्या पडवीत टोपलीत एक खुडूक कोंबडी अंडी पोटाखाली घेऊन बसली होती. फ्रीजवाला वाकून बघायला लागला तसा कोंबडीने त्याच्यावर एक डोळा रोखला आणि मिटला. मिटताना खालची पापणी सावकाश वर आली.

"ही डोळा उलटा मिटते," तो म्हणाला.

"उलटा तुमच्या हिशोबाने," कोंबडीवाली म्हणाली. "तिच्या हिशोबाने तुम्ही उलटे."

मग तिने नियम सांगितले. अंड्याच्या एका अंगाला फुली काढायची, दुसऱ्या अंगाला गोल. दिवसातून पाच-सहा वेळा कूस बदलायची, एकदा फुली वर, एकदा गोल वर, नाहीतर जीव कवचाला चिकटतो. खुणा पेन्सिलीनेच करायच्या, कारण शाई कवचातून आत झिरपते. शेवटचे तीन दिवस मात्र फिरवायचं नाही, दारही उघडायचं नाही.

"आणि एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "बाहेर यायच्या आधी पिल्लू आतूनच बोलायला लागतं. मग ठोकतं. थकतं, गप्प बसतं, पुन्हा ठोकतं. तुम्हाला दया येणार. पण हात लावायचा नाही. बाहेरून फोडलंत तर मेलंच समजा."

२

कूस बदलण्याचं फ्रीजवाल्याला नवीन नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सने त्याला बजावून ठेवलं होतं, की बाईंना थोड्या थोड्या वेळाने या कुशीवरून त्या कुशीवर करा, नाहीतर पाठीची कातडी जाईल. तो करत होता, तरी कमरेजवळ जखम झालीच होती. आता त्याने दोन्ही कामं एका फेरीत बसवली. दुकानातून उठायचं, आधी अंडी फिरवायची, मग बायकोला.

घोळ व्हायचा तो मेहुणीमुळे. ती कापडाच्या दुकानात कामाला होती आणि कामावर जायच्या आधी रोज सकाळी येऊन बहिणीचं अंग पुसून, कपडे बदलून जायची. जाताना ती बहिणीला एका कुशीवर करायची आणि थोड्या वेळाने हा येऊन, कुठल्या कुशीवरून कुठे करायचं ते न कळून, पुन्हा तिथेच. शेवटी त्याने डोकं चालवलं. बायकोच्या रोजच्या प्रत्येक गाऊनच्या उजव्या खांद्यावर एक फुली काढली आणि डाव्या खांद्यावर एक गोल. कापडावर पेन्सिल उमटेना, म्हणून फ्रीजच्या भागांवर नंबर टाकायचं जाड काळं पेन घेतलं.

मेहुणी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "ताईला काय अंडं समजलात, भाऊजी?"

"तिला विचार की." तो पलंगाकडे वळला. "चालेल ना गं?"

बायकोने एकदा डोळे मिटले. तिचे डोळे हसत होते. ते हसणं त्याला पुढे फार आठवायचं.

काही दिवस सगळं रांगेत चाललं. मग एका दुपारी तो हात पुसत आत आला, फ्रीजचं दार उघडलं आणि थबकला. सगळ्या अंड्यांचे गोल वर होते. मघाशी त्याने फुल्या वर करून ठेवल्या होत्या, असं त्याला वाटत होतं. पण वाटण्याचं काय, चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर चष्मा शोधणारा माणूस. असेल, म्हणाला आणि मागच्या खोलीत गेला.

बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती. खांद्यावरची फुली वर होती.

हे मात्र वाटण्यातलं नव्हतं. त्याने तिला दाराकडे तोंड करून ठेवलं होतं, काचेतला उजेड दिसावा म्हणून. त्याने ठेवलेली चादर नेहमी चुरगळायची, हिच्यावर मात्र एकही सुरकुती नव्हती. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी होती, नर्सने दाखवली होती तशी, त्याला कधीच न जमलेली.

त्याला भीती वाटली नाही, आनंद झाला. ती हलली होती. वर्षभर ज्याची वाट बघितली ते दुपारच्या वेळी, कुणी बघत नसताना घडलं होतं. तो भिंत आणि पलंगाच्या फटीत शिरून तिच्या चेहऱ्यासमोर बसला.

"तू वळलीस? तुझी तू?"

डोळे दोनदा मिटले.

"मग बहीण येऊन गेली?"

पुन्हा दोनदा.

"मग मीच. मीच वळवलं आणि विसरलो, हो ना?"

तिला उत्तर द्यायला वेळ लागला. तिचे डोळे त्याच्याकडे नव्हतेच, त्याच्या डोक्याच्या जरा वर कुठेतरी होते. मग ते दोनदा मिटले. त्याने मान मागे करून वर पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर काही नव्हतं.

३

मेहुणी खूश होती. "जखम भरत आलीये, भाऊजी. चांगलं करताय हं," ती म्हणाली. फ्रीजवाल्याला ती शाबासकी चोरीच्या मालासारखी वाटली. त्याने तिला काय ते सांगून टाकलं. ऐकून ती हसली नाही, पण तिचा आवाज समजावणीचा झाला.

"तुम्हीच करता आणि विसरता. झोप किती होते तुमची? मान्य करायला जड जातं, मला कळतं. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

त्यालाही तेच पटत होतं. माणसाला वेड लागलेलं असणं बरं, निदान त्यावर गोळी मिळते. त्याने दुकानाच्या भिंतीवर पाटी टांगली आणि अंडी फिरवली की रेघ ओढायची, बायकोला वळवलं की टिंब द्यायचं, असं सुरू केलं. त्याने रेघ ओढायच्या आधीच अंडी फिरलेली असत आणि टिंब द्यायच्या आधीच बायकोची कूस बदललेली असे. पाटी कोरीच राहायला लागली.

मग त्याने दुकान बंद ठेवलं आणि स्वयंपाकघरात खुर्ची टाकून फ्रीजसमोर बसला. काचेतून अंडी दिसत होती. पंखा घरघरत होता. दुपार कलायला आली तरी एक अंडं हललं नाही. तो सुटकेचा श्वास टाकून मागच्या खोलीत गेला, तर बायको दुसऱ्या कुशीवर होती. दुसऱ्या दिवशी तो तिच्या उशाशी बसला, तिचा हात हातात घेऊन. ती होती तशीच राहिली आणि फ्रीजमध्ये सगळ्या फुल्यांचे गोल झाले. तो ज्या खोलीत असे तिथे काही होत नसे. जे काही होतं ते त्याच्या वाटेत येत नव्हतं, इतकंच. घरातल्या समजूतदार माणसासारखं ते तो उठून जाण्याची वाट बघत होतं.

शेवटी त्याला जखमेच्या पावडरीचा डबा आठवला. त्याने पलंगाच्या चारी बाजूंनी फरशीवर पावडर भुरभुरली, पुढच्या दाराला आतून कडी लावली आणि दुकानात जाऊन बसला. पाऊल उमटलं असतं तर त्याचं त्याला ओळखू आलं असतं. त्याच्या डाव्या टाचेला जुनी भेग होती.

परत आला तेव्हा पावडरीत पाऊल नव्हतं, त्याचंही नाही, दुसऱ्या कुणाचंही नाही. पण पलंगाभोवतीची पावडर एका रुंद गोलात पुसली गेली होती, कुणी मऊ, जड काहीतरी टेकवत, सरकवत, हळूच बसतं करावं तशी. बायको गोल वर करून झोपली होती. तिच्या अंगावरची चादर कोमट होती आणि खोलीला एक वास होता. तोच वास त्याला कोंबडीवालीच्या पडवीत आला होता.

४

त्या दिवशी त्याने पहिली गोष्ट केली ती खुणांचा गाऊन काढून कोरा घालायला घेतला. हे त्याला आधी सुचायला हवं होतं. फुली आणि गोल त्याने स्वतःच्या हाताने काढले होते. अंड्यांची जी रांग होती त्यात त्याने तिला स्वतःच नेऊन बसवलं होतं. गाऊन काढला आणि त्याचे हात थांबले. सकाळी मेहुणीने पुसलेल्या अंगावर शाई कापडातून झिरपली होती. उजव्या खांद्याच्या कातडीवर फिकट फुली होती आणि डाव्या खांद्यावर गोल.

त्याने साबण लावला, मग स्पिरिट लावलं. कातडी लाल झाली तरी खूण हलली नाही. बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा तो थांबला.

"भीती वाटते?" त्याने विचारलं.

डोळे एकदा मिटले.

"काही येतं इथे?"

एकदा.

"माणूस?"

दोनदा.

"दुखवतं तुला?"

दोनदा. हे उत्तर बघून त्याला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

"अंडी टाकून देतो. आत्ता, आत्ताच्या आत्ता जाऊन उकिरड्यावर टाकतो."

तिचे डोळे दोनदा मिटले. मग पुन्हा दोनदा, मग पुन्हा, घाईघाईने. नको, नको, नको.

"का? पिल्लं हवीत तुला?"

दोनदा.

"टाकली तर ते चिडेल?"

दोनदा.

"मग? टाकली तर काय होईल? तुला काही होईल?"

इथे तिने डोळे मिटलेच नाहीत. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली, परीक्षेत पोरगं जवळजवळ उत्तरापर्यंत आलंय आणि बाईंना सांगता येत नाही, तशी. तो विचारत राहिला. जे सुचेल ते विचारलं, वेड्यासारखं विचारलं. तिच्याजवळ हो होतं आणि नाही होतं, त्याच्याजवळ मात्र नेमका प्रश्न नव्हता. अख्खा संसार झाला तिच्याबरोबर, तिच्या मनातलं न विचारता ओळखतो अशी त्याची मिजास होती. आता तो पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडला आणि तिला त्याच्या केसांवरून हातही फिरवता आला नाही.

संध्याकाळी त्याने मेहुणीला फोन केला. "तुझ्या ताईला घेऊन जा. थोडे दिवस. मी थकलोय म्हण हवं तर."

"तेच म्हणत होते मी," ती म्हणाली. "रविवारी आमचं दुकान बंद असतं. दुपारी गाडी घेऊन येते. तोवर जरा दम धरा."

"उद्याच नाही जमणार?"

"भाऊजी, झोपवून न्यायची गाडी लागते. ती काय रिक्षा आहे का हात केला की थांबायला?"

५

शेवटचे तीन दिवस लागले आणि फिरवणं थांबलं. त्याने अंडी फिरवायची थांबवली होती, कोंबडीवालीने सांगितलं होतं म्हणून. बायकोची कूस बदलायची त्याने थांबवली नव्हती. पण तो तिला डाव्या कुशीवर करून पाणी आणायला जाई आणि परत येई तेव्हा ती उताणी असे. उजव्या कुशीवर करी, उताणी. दोन्ही बाजूंना उशा लावल्या, त्या नीट घडी करून पायथ्याशी ठेवलेल्या सापडल्या. तिला फिरवायचंही आता संपलं होतं.

खोली गरम झाली होती. बाहेर तसा उकाडा नव्हता, पण मागच्या खोलीत पाय टाकला की चष्म्यावर वाफ धरायची. भिंतींना ओल आली. त्याने खिडकी उघडली, तर जरा वेळाने ती लावलेली असायची. ताप असेल म्हणून त्याने बायकोला थर्मामीटर लावला. आकडा वाचला आणि स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजमधल्या तापमापीचा आकडा वाचला. आकडे सारखे होते. त्याने थर्मामीटर धुऊन डब्यात ठेवला आणि डबा कपाटात ठेवला. करण्यासारखं एवढंच होतं.

शनिवारी एका अंड्याला टवका उडाला. काचेला नाक लावून तो बघत राहिला. आतून चोच दिसत होती, मोहरीएवढी. ठोकायची, थांबायची. बारीक आवाज येत होता, न दिसणाऱ्या जागेतून कुणी हाक मारावी तसा. सकाळची दुपार झाली तरी टवका तेवढाच राहिला. ठोकणं मंद होत गेलं. नियम त्याला पाठ होता. पण दोन खोल्यांत दोन जीव बंद आणि आपण मध्ये हात बांधून उभे, हे त्याला सोसवेना. त्याने दार उघडलं, अंडं तळहातावर घेतलं आणि नखाने कवचाचा एक तुकडा काढला. मग आणखी एक. कवचाच्या आत पातळ पापुद्रा होता, तो ओढला तसं पिल्लू किंचाळलं आणि पापुद्र्यातून रक्त आलं. पापुद्रा पिल्लाच्या अंगातूनच वाढलेला होता. आपण कवच काढतोय असं वाटत होतं, सोलत होतो ते त्यालाच. ते त्याच्या तळहातावर थोडं थरथरलं आणि गार पडलं.

त्याने हात धुतले. नळ बंद केला, तरी बारीक आवाज येतच होता. त्याला वाटलं दुसरं अंडं. तो काचेशी वाकला. अंडी गप्प होती.

आवाज मागच्या खोलीतून येत होता. तो गेला, बायकोजवळ वाकला. तिचे ओठ मिटलेले होते. वर्षभरात तिच्या घशातून घरघर सोडून काही निघालं नव्हतं. त्याने कान तिच्या छातीवर ठेवला. आवाज आतून येत होता, लांबून, बारीक, काहीतरी सांगत असल्यासारखा. शब्द नव्हते, पण आवाजाचा चढउतार ओळखीचा होता. स्वयंपाकघरातून ती त्याला जेवायला हाक मारायची त्यातला.

"तू बोलतेयस?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या जवळून तिचे डोळे त्याने कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. थकलेले, प्रेमाचे डोळे होते. ते दोनदा मिटले.

६

रविवारी दुपारी तो तिचं सामान भरत होता. गाऊन, औषधं, पावडरीचा डबा. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तो खोलीतून निघून दुकानापर्यंत गेला, कडी काढली, मेहुणीला आत घेतलं. एवढाच वेळ. परत आले तेव्हा मागच्या खोलीचं दार बंद होतं.

"कडी लावली का आतून?" मेहुणी म्हणाली आणि मग स्वतःचंच बोलणं ऐकून तिचा चेहरा उतरला.

दार हलेना. लाकूड फुगलं होतं, चौकटीत घट्ट बसलं होतं आणि हात लावला तर गरम लागत होतं. खालून पाण्याचा ओघळ येत होता. मेहुणी मागच्या बोळातून खिडकीकडे धावली आणि तशीच परत आली. काच आतून वाफेने पांढरी झालीये, म्हणाली, काही दिसत नाही, पण उजेड अडवून काहीतरी आहे, खिडकीभर.

"पडदा असेल," फ्रीजवाला म्हणाला.

"पडदा मी परवाच धुवायला नेलाय, भाऊजी."

तेवढ्यात आतून ठक् असा आवाज झाला. दाराच्या खालच्या अंगाला, माणूस रांगत असेल तर त्याचं डोकं येईल एवढ्या उंचीवर. मग शांतता. मग पुन्हा ठक्.

फ्रीजवाल्याने दुकानातून पहार आणली. काम हातातलं होतं, अडकलेली दारं उघडणं हाच त्याचा धंदा. पहारीचं टोक फटीत घातलं आणि जोर दिला. लाकूड करकरलं. आत ती किंचाळली.

तो तिचा आवाज होता, यात शंका नाही. मेहुणीनेही ओळखला. पहार फटीतून बाहेर काढली तेव्हा टोक लाल होतं. दार आणि चौकटीच्या मध्ये, जिथे नुसती फट असायला हवी, तिथे पातळ, ओलं, पांढुरकं काहीतरी ताणलं गेलं होतं आणि त्यात बारीक बारीक रक्तवाहिन्या होत्या.

"मारा ना! थांबलात काय? ताई आहे आत!"

"लागतंय तिला," तो म्हणाला.

"म्हणून तर—"

"नाही. दार ओढलं की तिला लागतंय." त्याने पहार खाली ठेवली, आवाज होऊ नये अशी हळूच. "तिचं तिला येऊ दे."

मेहुणी त्याच्याकडे बघत भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग कंटाळून गाडी बंद केली. स्वयंपाकघरात पंखा घरघरत होता. काचेमागे अंडी एकामागे एक टिचकत होती, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. फ्रीजवाला दारासमोर मांडी घालून बसला. वर्षभर त्याने देवाकडे एकच मागितलं होतं, ती तिच्या पायांनी उठून बाहेर येऊ दे. दुसरं काही मागितलंच नव्हतं. कशी येऊ दे तेही सांगितलं नव्हतं.

ठोकणं चालू होतं. मध्येच ते इतका वेळ थांबलं, की त्याने श्वास धरून दाराला कान लावला. मग पुन्हा सुरू झालं आणि त्याच्या नाकासमोर दाराच्या फळीचा एक टवका उडून बाहेर पडला.

भोकातून ऊब आली, तो वास आला. आतल्या अंधारात काहीतरी सरकलं आणि भोकाशी एक डोळा येऊन थांबला. काळा, ओला, त्याच्यावर रोखलेला. त्यात ओळख होती. त्याने तो ओळखला की त्या डोळ्याने त्याला, हे त्याला सांगता आलं नसतं.

"तूच आहेस ना गं?" त्याने विचारलं. हा प्रश्न विचारायचं त्याला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं.

डोळा त्याच्याकडे बघत राहिला. मग खालची पापणी सावकाश वर आली आणि डोळा मिटला. एकदाच.

"काय म्हणाली?" मागून मेहुणीने विचारलं. तिला तिथून काही दिसत नव्हतं. "भाऊजी, काय म्हणतेय ताई?"

"हो म्हणाली," फ्रीजवाला म्हणाला.